सरावाचा सामना

श्रावण सरत आला होता. राळेगणसिद्धीच्या शिवारात बाजरीने कणसे धरली होती, मुगाची तोडणी सुरू झाली होती आणि दोन दिवसांपूर्वी येऊन गेलेल्या सरीने मातीचा रंग गडद झाला होता. शाळेची शेवटची घंटा झाली, तेव्हा गावातील एक वृद्ध गृहस्थ हातात काठी घेऊन शाळेच्या मैदानाकडे निघाले. गावातील सारी मुले त्यांना आबा म्हणत. आबांच्या घरचे कोणीही आता त्या शाळेत शिकत नव्हते. मुले नोकरीपायी शहरात गेलेली आणि नातवंडे त्यांच्यापाशी. तरीही वर्षातून एक दिवस असा येई, की त्या दिवशी आबा मळ्यातले काम अर्धे टाकून मैदानावर हजर होत. तो दिवस म्हणजे शाळेच्या खो-खो संघाच्या सरावाच्या पहिल्या सामन्याचा दिवस.

तालुक्याच्या स्पर्धा अजून पंधरा दिवसांवर होत्या. तालुक्यात जिंकलेला संघ जिल्ह्यास जातो, जिल्ह्यात जिंकलेला विभागास आणि तेथे यश मिळविणारा राज्याच्या स्पर्धेस. त्या सामन्यांना गर्दी जमते, टाळ्या पडतात, विजयी मुलांना गुलाल लागतो. आबांना तेही सामने प्रिय होते. परंतु त्यांचा खरा जीव सरावाच्या सामन्यावर. "पंगतीला बसणारे पुष्कळ असतात," ते म्हणत, "पण चुलीजवळ बसून पहिली भाकरी फुगताना पाहण्याची मजा निराळीच."

राळेगणसिद्धी हे अहिल्यानगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील गाव. पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वाडेगव्हाण लागते. तेथून आत वळले की थोड्याच वेळात हे गाव येते. हा सारा मुलूख अवर्षणाचा. वर्षाकाठी सरासरी ४०० ते ५०० मिलिमीटर पाऊस. तोही पडेल तेव्हा खरा. आबा तरुण होते, तेव्हा १९७२ चा दुष्काळ पडला. विहिरींनी तळ गाठला. कर्ती माणसे खडी फोडण्याच्या कामावर जाऊ लागली. गावात दारूच्या भट्ट्या होत्या. त्या पेटत आणि घराघरांतील चुली विझत. अशा दिवसांत खेळ कोणास सुचणार? आबांना मात्र खो-खोचे वेड होते. चार-सहा सवंगडी जमवून ते ओढ्याच्या कोरड्या पात्रात खेळत. पण या खेळात एका बाजूस नऊ गडी मैदानात लागतात, आणि नऊ गडी काही केल्या जमत नसत. आज एक कामासाठी परगावी जाई, उद्या दुसरा. एकही सामना न खेळता आबांचा संघ मोडला.

पुढे १९७५ साली सैन्यातून गावी परतलेल्या अण्णा हजारे यांनी गावाला हाक दिली. यादवबाबांच्या पडक्या मंदिराचा जीर्णोद्धार झाला, भट्ट्या बंद झाल्या, टेकड्यांच्या उतारांवर चर खणले गेले, नाल्यांना बांध घातले गेले. आबांनी त्या श्रमदानात मातीची घमेली वाहिली. आणि गावाची शाळा उभी राहू लागली, तेव्हा तिच्या भिंतींसाठी दगडही वाहिले. खेळण्याचे वय तोवर सरले होते. पाहण्याचे वय मात्र कधीच सरत नाही.

आबा पोहोचले, तेव्हा मैदान नटून बसले होते. सकाळीच मुलांनी ओळीने बसून खडे वेचले होते. मग पाणी शिंपडून रूळ फिरविला होता आणि दोरी ताणून फक्कीच्या पांढऱ्या रेषा आखल्या होत्या. मोठ्यांच्या खो-खोचे मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असते. त्याच्या मधोमध एक लांब अरुंद पाटी आणि तिला छेदणाऱ्या आठ आडव्या पाट्या. जेथे त्या छेदतात, तेथे आठ छोटे चौक तयार होतात. मधल्या पाटीच्या दोन्ही टोकांस दोन गुळगुळीत लाकडी खांब. बस, एवढीच या खेळाची सामग्री! चेंडू नाही, फळी नाही, काठी नाही. एक सपाट जमीन आणि दोन खांब असले, की खेळ उभा राहतो. गरीब मुलुखातील मुलांनी हा खेळ इतका जिव्हाळ्याने जपला, याचे कारण शोधावयास दूर जावे लागत नाही.

प्रेक्षकांसाठी आसने नव्हती. पूर्वेस एक कडुनिंब आणि त्याखाली दोन सपाट दगड, पश्चिमेस शाळेच्या पायऱ्या. इतकेच काय ते प्रेक्षागृह. पायऱ्यांवर मुलींचा संघ बसला होता. त्यांचा सरावाचा सामना दुसऱ्या दिवशी व्हावयाचा होता. मळ्यातून परतणारा एक शेतकरी सायकल टेकवून उभा राहिला होता. आबा आपल्या नेहमीच्या दगडावर बसले आणि त्यांनी काठी आडवी ठेवली.

त्यांस त्या क्षणी दिल्लीचे क्रीडागार आठवले. २०२५ च्या जानेवारीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा दिल्लीतील इंदिरा गांधी स्टेडियममध्ये झाली, तेव्हा आबांनी अंतिम सामने दूरचित्रवाणीवर पाहिले होते. मातीच्या जागी मऊ गादीसारखी जमीन, डोक्यावर छप्पर, दिव्यांचा लखलखाट आणि देशोदेशीचे संघ! भारताच्या पुरुषांनी आणि स्त्रियांनी, दोघांनीही अंतिम सामन्यात नेपाळचा पराभव केला. दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचेच. आबांचा ऊर भरून आला होता. मात्र एक उणीव त्यांना भासली होती. गडी सूर मारतो तेव्हा मातीचा जो लोट उठतो आणि जो वास दरवळतो, तो तेथे नव्हता. येथे, या मैदानावर, तो होता. ओल्या मातीवर फक्की पडलेली, वर कडुनिंबाची सावली. हा वास आबांना लहानपणापासून ओळखीचा होता.

हा खेळ आपल्या मातीतला आणि फार जुना. पण त्याला नियमांची चौकट मिळाली ती विसाव्या शतकात. १९१४ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याचे नियम घालून दिले. १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामने झाले, तेव्हा अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. ओढ्याच्या पात्रात खेळणाऱ्या आबांना यातले काही ठाऊक नव्हते. त्यांना ठाऊक होते ते एवढेच, की पाठीवर थाप पडली आणि कानावर 'खो' आला, की अंगात वीज संचारते.

क्रीडाशिक्षकांनी शिट्टी वाजविली. मुलांचे दोन संघ पाडण्यात आले. एका संघाच्या मनगटांवर पांढऱ्या फिती बांधल्या, दुसरा तसाच ठेवला. दोन्ही बाजूंस शाळेचीच मुले. काल एकाच ताटात जेवलेली, आज एकमेकांना बाद करावयास निघालेली. सरावाच्या सामन्याची गंमत हीच असते. समोरचा गडी कोणत्या पायावर वळतो, दमला म्हणजे कोणत्या खांबाकडे धाव घेतो, हे सारे ज्याला त्याला ठाऊक. म्हणून येथे हूल चालत नाही, येथे फसवणूक टिकत नाही. आपले उणे आधी आपल्याच माणसांना दिसते.

फितीवाल्या संघाची पाठलागाची पाळी आली. आठ गडी आठ चौकांत बसले. एकाचे तोंड पूर्वेस, तर त्याच्या शेजाऱ्याचे पश्चिमेस. नववा खांबाजवळ पाठलागास सज्ज. दुसऱ्या संघाचे तीन गडी पळण्यासाठी आत उतरले. खो-खोत पळणारे तिघातिघांच्या तुकड्यांनी उतरतात. त्यांना मैदानात कोठूनही पळण्याची मुभा असते. बसलेल्या गड्यांच्या मधून ते सुईतल्या दोऱ्यासारखे या बाजूचे त्या बाजूस जातात. पाठलाग करणाऱ्याला मात्र मधली पाटी ओलांडता येत नाही. एकदा ज्या दिशेस तो वळला, तीच दिशा त्याला खांबापर्यंत धरावी लागते. पळणारा पलीकडे निसटला, की याने काय करावे? त्या बाजूस तोंड करून बसलेल्या आपल्या गड्याच्या पाठीवर हात ठेवून 'खो' म्हणावे आणि त्याच्या जागी आपण बसावे. उठलेला गडी पाठलाग पुढे नेतो. एकाचा धावण्याचा हक्क असा दुसऱ्याकडे जातो, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे. नऊ जणांची मिळून ती एकच धाव असते.

शिट्टी झाली आणि पाय वाजू लागले. "खो!" एक गडी उठला. "खो!" दुसरा उठला. पळणाऱ्या तुकडीतील एक उंच मुलगा वेलीसारखा वळत, वाकत, अंग चोरीत निसटत होता. मुलींच्या पायऱ्यांवरून सूचनांचा वर्षाव होत होता. "डावीकडे! अरे, डावीकडे!" सायकलवाला शेतकरी सायकल विसरून रेषेपर्यंत आला होता. आबा मात्र धावणाऱ्यांकडे पाहत नव्हते. त्यांची दृष्टी बसलेल्यांवर होती. नवखा प्रेक्षक खो-खोत पळणाऱ्याला पाहतो. जाणता प्रेक्षक बसणाऱ्याला पाहतो. टाचा उचललेल्या, बोटे जमिनीवर टेकलेली, पाठ ताठ, श्वास दाबून धरलेला. पाहणाऱ्यास वाटते, ही मुले स्वस्थ बसली आहेत. ती स्वस्थ मुळीच नसतात.

तिसऱ्या चौकातील मुलाकडे आबांचे लक्ष वारंवार जाऊ लागले. तो गावात नवा होता. राळेगणच्या या शाळेला, म्हणजे संत निळोबाराय विद्यालयाला, शेजारच्या पिंपळनेरच्या थोर संतांचे नाव आहे. या शाळेने एक निराळी प्रथा पाडली. इतरत्र नापास होऊन खचलेल्या मुलांना तिने अगत्याने जवळ केले आणि अभ्यास, व्यायाम व कष्ट यांच्या बळावर त्यांस पुन्हा उभे केले. हा मुलगाही आपल्या गावी नववीत नापास होऊन जूनमध्ये येथे आला होता. अंगाने सडपातळ, पायाने चपळ. परंतु चौकात बसला, की त्याला धीर निघत नसे. पळणारा गडी समोरून गेला, की 'खो' मिळण्याआधीच तो उठून उभा राही. लगेच शिट्टी होई. पंच चूक पुकारीत, पाठलागाची लय तुटे आणि पळणाऱ्या गड्याला श्वास घेण्यास अवसर मिळे.

नऊ मिनिटांच्या त्या एका पाळीत असे तीन वेळा घडले. दुसऱ्या वेळी संघनायक ओरडला, "अरे, बस ना! कोणी बोलावलं तुला?" तिसऱ्या वेळी कोणी काही बोलले नाही, आणि ते अधिक वाईट होते. क्रीडाशिक्षकांनी हातातील वहीत काही टिपून घेतले. तालुक्याच्या स्पर्धेसाठी बारा जणांचा संघ निवडावयाचा होता आणि मैदानावर बावीस मुले होती. वहीत काय लिहिले जात आहे, हे कोणास सांगावे लागत नव्हते. नव्या मुलाचे कान लाल झाले. तो पुन्हा आपल्या चौकात बसला आणि जमिनीकडे पाहू लागला.

मग पाळी पालटली. आता फितीवाला संघ पळू लागला. दुसऱ्या तुकडीत तो नवा मुलगा उतरला आणि सारे मैदान पाहतच राहिले. काय त्याचे ते वळणे! पाठलाग करणाऱ्याचा हात खांद्यापाशी येई आणि हा खांदा खाली घेऊन दोन चौकांमधून पार होई. एकदा तर खांबावरून सूर मारून आलेल्या गड्याची बोटे त्याच्या सदऱ्याच्या वाऱ्याला लागून परत गेली. तो बाद झाला, तेव्हा त्याने आपल्या तुकडीतील इतर दोघांच्या दुप्पट वेळ मैदान राखले होते. मुलींनी टाळ्या वाजविल्या. आबा मनाशी म्हणाले, 'हा पळण्यात हरीण आहे, पण बसण्यात वारा आहे.'

मध्यंतर झाले. मुले पाण्याच्या हंड्याभोवती गोळा झाली. नवा मुलगा तेथे न जाता कडुनिंबाच्या सावलीत येऊन उभा राहिला. आबांनी दगडावर थोडे सरकून त्याला जागा करून दिली.

"काय रे पोरा, चौकात निखारे ठेवलेत का कोणी?"

मुलगा ओशाळला. "नाही, आबा. पण गडी समोरून जाताना दिसला, की राहवतच नाही."

"बसल्यावर तू काय करतोस?"

"बघतो."

"आणि ऐकत नाहीस?"

मुलगा गोंधळून त्यांच्याकडे पाहू लागला.

"खो कुठं येतो? डोळ्यांवर येतो, की पाठीवर?" आबांनी विचारले. "तू डोळ्यांनी उठतोस. पाठीनं उठायला शीक. तुझ्या पाठीमागून कोण येतंय, त्याचे पाय ऐक. प्रत्येकाचा पाय निराळा वाजतो."

मुलगा काही वेळ गप्प राहिला. मग हलकेच म्हणाला, "परीक्षेतही माझं असंच होतं, आबा. प्रश्न पुरता वाचायच्या आधीच मी उत्तर लिहायला लागायचो."

आबा हसले नाहीत. त्यांनी काठी उचलून मैदानापलीकडच्या टेकडीकडे दाखविले. हिरव्या उतारावर एकाखाली एक अशा आडव्या रेषा दिसत होत्या.

"ते चर बघ. आम्ही ते खणले, तेव्हा भर उन्हाळा होता. आभाळात बोटभर ढग नव्हता. रोज संध्याकाळी हाताला फोड यायचे. काहीजण हसायचे, म्हणायचे, पाण्याचा पत्ता नाही आणि हे पाणी अडवायला निघालेत!"

"मग? पाऊस आला?"

"यायचा तेव्हा आला. तो काही आमच्या हाकेनं आला नाही. पण आला त्या दिवशी चर तयार होते. एरवी उतारावरून पळून जाणारं पाणी त्या दिवशी थांबलं आणि जमिनीत मुरलं."

मुलाने पुन्हा टेकडीकडे पाहिले. तोच शिट्टी झाली आणि तो पळाला.

दुसरा डाव सुरू झाला. नवा मुलगा पुन्हा तिसऱ्या चौकात बसला. या वेळी त्याची मान खाली होती. पळणारा गडी अगदी समोरून, हाताच्या अंतरावरून गेला. मुलाच्या टाचा थरथरल्या. पण तो उठला नाही. गडी पुन्हा आला. जणू चिडविण्यासाठीच क्षणभर थबकला आणि पुढे गेला. मुलगा उठला नाही. त्याच्या कपाळावरून घामाचा थेंब ओघळून मातीत पडला. धावणारे सारे गडी थांबले असते, तरी त्या बसलेल्या मुलाची चाललेली झुंज आबांना दिसली असती.

आणि मग मागून पाय वाजले. थाप पडली. "खो!"

मुलगा असा उठला, की पाहणाऱ्यास वाटावे, जमिनीनेच त्याला वर फेकले. दोन ढांगांत तो पळणाऱ्याच्या पाठीशी जाऊन भिडला. पहिल्या पाळीत त्याने येथे हात पसरून सूर मारला असता आणि गडी निसटला असता. आता त्याने तसे केले नाही. त्याने गड्याला मधल्या मोकळ्या जागेतून हाकीत खांबाच्या अंगाला नेले. गडी मधल्या पाटीवरून पलीकडे निसटताच याने शेजारच्या चौकातील गड्याच्या पाठीवर हात ठेवला आणि स्वच्छ आवाजात म्हटले, "खो!" स्वतः त्याच्या जागी तो बसला. तो गडी धावला. त्याने पुढच्याला खो दिला. आणि शेवटी संघनायकाने एका हाताने खांब धरून अंग झोकून दिले आणि पळणाऱ्याच्या पाठीला बोटे लावली. मातीचा लोट उठला. गडी बाद!

सारी मुले संघनायकाभोवती नाचू लागली. सूर त्याचाच होता आणि टाळ्याही त्याच्याच होत्या. तिसऱ्या चौकातून सुरू झालेल्या त्या साखळीची कोणी आठवण काढली नाही. नवा मुलगा आपल्या नव्या चौकात बसून होता. डाव अजून संपला नव्हता आणि पुढचा खो केव्हा येईल याचा नेम नव्हता. आबांनी मात्र काठी जमिनीवर दोनदा आपटली. ती त्यांची टाळी होती. संघनायकाने कपडे झटकीत मागे वळून पाहिले आणि जाता जाता नव्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. तो बोलला काहीच नाही; पण पहिल्या डावातील त्याचे मौन आणि हे मौन यांत पुष्कळ अंतर होते.

सामना दुसऱ्या संघाने दोन गुणांनी जिंकला. जिंकलेल्यांनी आनंद केला. हरलेल्यांनी दंगा केला. आणि घटकाभरात कोण जिंकले, कोण हरले, हे दोघेही विसरले. सरावाच्या सामन्याचा निकाल कोठेही लिहून ठेवीत नाहीत. तेथे लिहिली जातात ती फक्त नावे.

क्रीडाशिक्षक वही घेऊन मैदानाच्या मध्यभागी आले. मुले अर्धवर्तुळ करून बसली. सूर्य टेकडीवर टेकला होता आणि चौकाचौकांतील फक्की पायांखाली पुसून गेली होती. गुरुजी एकेक नाव वाचू लागले. नाव वाचले, की मुलाने उठून पुढे येऊन उभे राहावयाचे. संघनायक उठला. तो उंच मुलगा उठला. पाच झाले, आठ झाले, अकरा झाले. नवा मुलगा मान खाली घालून बोटाने मातीत रेघोट्या ओढीत होता.

गुरुजींनी बारावे नाव वाचले.

कोणी उठले नाही. मुले इकडे तिकडे पाहू लागली. गुरुजींनी चष्मा सावरून तेच नाव पुन्हा वाचले. नवा मुलगा वर पाहत होता, पण जागचा हलत नव्हता. आज त्याने इतक्या वेळा स्वतःला बसविले होते, की आता उठावे की नाही, हेच त्याला कळेनासे झाले असावे.

तेव्हा त्याच्या पाठीमागे बसलेल्या मुलाने त्याच्या पाठीवर सणसणीत थाप मारली आणि तो मोठ्याने ओरडला, "खो!"

मुलगा ताडकन उठून उभा राहिला. सारे मैदान हसू लागले. मुली हसल्या, सायकलवाला शेतकरी हसला, गुरुजीही वहीआड तोंड करून हसले. आणि सर्वांत शेवटी, कानाच्या पाळीपर्यंत लाल होऊन, तो मुलगाही हसला.

आबा काठी टेकीत घराकडे निघाले. वाटेत ओढ्यावरचा बांध लागला. एके काळी कोरड्या असलेल्या ज्या पात्रात त्यांचा न जमलेला संघ खेळत असे, तेथे आता गुडघाभर पाणी साचले होते आणि त्यात सायंकाळचे आभाळ उतरले होते. मागून मैदानावरचे आवाज येत होते. मुले रूळ ओढीत होती, कोणी हंड्याने पाणी शिंपडीत होते, कोणी दोरी ताणून पुसलेल्या रेषा पुन्हा सरळ करीत होते. उद्या मुलींचा सामना होता. आबांनी क्षणभर थांबून कान दिला, मनाशी काही हिशेब केला आणि उद्या मुगाच्या तोडणीला गडी कोठून आणावा, याचा विचार करीत ते पुढे चालू लागले.